वाजविणारे हात, दुसऱ्यांचा मंच

संगीतावरील मराठी लेखनात घराण्यांचे वंशवृक्ष सापडतात, ख्यालाच्या बढतीची सूक्ष्म चर्चा सापडते, नाट्यसंगीताच्या आठवणींना तर तोटाच नाही. परंतु वरातीपुढे छाती फुटेस्तोवर फुंकणारा माणूस या लेखनाच्या कक्षेत येत नाही. त्याला कलावंत म्हणायचे नसते; त्याच्यासाठी ‘वाजंत्री’ हा शब्द राखून ठेवलेला आहे. फुंकायचे वाद्य उष्टे, चामड्याचे वाद्य विटाळाचे, अशी वाद्यांचीही एक वर्णव्यवस्था आपल्याकडे आहे.

मी नंदुरबार जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवितो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. माझ्या वर्गातील काही मुले लग्नसराईत बँडपार्टीबरोबर जातात. त्यांच्या हातात क्लॅरिओनेट असते, ट्रंपेट असते, क्वचित सॅक्सोफोनही असतो. म्हणून गोव्याच्या जॅझवादकांच्या कारकिर्दीकडे मी करमणुकीचा इतिहास म्हणून पाहू शकत नाही. श्रम कोणाचे, विद्या कोणाची आणि मंच कोणाचा, हे प्रश्न मला त्या कारकिर्दींना विचारावेसे वाटतात.

सॅक्सोफोनचे पेटंट बेल्जियमच्या अ‍ॅडॉल्फ सॅक्सने 1846 साली घेतले आणि हे वाद्य लष्करी बँडांत रुजले. अमेरिकेतील गुलामगिरी 1865 साली कायद्याने संपली. पुढे न्यू ऑर्लिन्समध्ये गुलामांच्या मुलानातवंडांनी बँडची वाद्ये अंत्ययात्रांत आणि मिरवणुकांत वाजविली. त्यांच्या दुःखातून आणि उत्सवातून जॅझ घडले. मुंबईत हे संगीत ताजमहाल हॉटेलात पोचले. 1935 साली लिऑन अ‍ॅबी यांचे कृष्णवर्णीय वादकांचे पथक तेथे आले. नाचणारे गोरे साहेब आणि संस्थानिक होते. त्यांच्यासाठी वाजविणारे दास्यातून सुटलेल्यांचे वंशज होते. आणि ते वादन कानांत साठवून घेणारे गोव्याचे गरीब वादक होते.

त्यांपैकी हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजले. ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ असे त्यांना म्हणत. ‘अलबेला’ (1951) या चित्रपटात सी. रामचंद्रांच्या संगीताला जो नवा उसळता ठेका आहे, त्यात चिक यांच्या पथकाचा वाटा आहे. त्यांचे जावई ब्राझ गोन्साल्विस हे या परंपरेतले थोर सॅक्सोफोनवादक. रेस्तराँमधून वाजवीत त्यांनी उमेदवारी केली, आणि पुढे भारतीय रागांची स्वरवाक्ये जॅझच्या अंगाने मांडली. ‘राग रॉक’ ही त्यांच्या पथकाची ध्वनिमुद्रिका 1970 सालची. 1978 साली निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने मुंबईत ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली, तेव्हा अशा वादकांना असा मंच मिळाला जिथे श्रोते जेवायला नव्हे, ऐकायला आले होते. मात्र तो मंच उभारणारे वादक नव्हते, संगीताचे रसिक होते. रसिकाचे ऋण मान्य करूनही हा भेद नोंदविला पाहिजे.

या वादकांजवळ स्वरलिपी होती. चर्चशी जोडलेल्या शाळांतून गोव्यात मुलांना स्वर वाचायला आणि लिहायला शिकवीत. गोव्याच्या ख्रिस्ती समाजात जात नाही असे कोणी समजू नये. चर्चच्या बंधुमंडळांतही जातीचे मानपान होते. तरीही विद्या कागदावर आली की ती एका कुळाच्या मुठीत राहत नाही, हे खरे. हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओंत संगीतकार चाल गुणगुणे आणि गोव्याचा अरेंजर साठ वादकांसाठी ती रात्रीतून लिहून काढी. पडद्यावर मात्र संगीतकाराचे नाव झळके आणि वादकाला शिफ्टची मजुरी मिळे.

या व्यवस्थेला एका माणसाने दिलेले उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस सॅक्सोफोन नव्हे, व्हायोलिन वाजवीत. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन हे त्यांचे विद्यार्थी. 1958 साली त्यांनी ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला, रागांवर आधारलेल्या आपल्या रचना वाद्यवृंदासाठी लिहिल्या आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्या सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. वादक, शिक्षक आणि मैफल भरविणारा हे तिघे येथे एका माणसात एकवटले. परंतु एका माणसाच्या बळावर उभी राहिलेली गोष्ट त्याच्याबरोबरच जाते. 1965 साली ते अमेरिकेला गेले आणि वाद्यवृंद थांबला. 1977 साली प्यारेलालांनी गुरूवरील प्रेमापोटी त्यांचे नाव ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्यात गोवले. देशाने ते नाव तोंडपाठ केले, पण पडद्यावर ते एका विनोदी दारूविक्याचे होते. व्हायोलिन, विद्यार्थी, वाद्यवृंद, सगळे त्या नावामागे दिसेनासे झाले. 2012 साली ते वारले, तेव्हा हे नाव खऱ्या माणसाचे होते हे कित्येकांना प्रथम कळले.

याच्या शेजारी शिकागोचे उदाहरण ठेवावे. तेथील कृष्णवर्णीय वादकांनी 1965 साली, म्हणजे अँथनी मुंबई सोडत होते त्याच वर्षी, आपली संघटना स्थापन केली. स्वतःच्या रचना स्वतःच्या मैफलींत वाजवायच्या आणि वस्तीतील मुलांना फुकट शिकवायचे, हा तिचा कार्यक्रम. तिचे आरंभापासूनचे सभासद फ्रेड अँडरसन हे सॅक्सोफोनवादक. 1982 पासून 2010 साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘व्हेल्व्हेट लाउंज’ हा अड्डा चालविला आणि तरुण वादकांना तेथे उभे केले. प्रतिभेत अँथनी उणे नव्हते. उणी होती ती संघटना.

आता आपल्याकडे वळू. माझे काही मित्र म्हणतात, वाजविणे ही गावकीची गुलामगिरी होती, ती टाकली हेच बरे. डॉ. बाबासाहेबांनी हलकी ठरविलेली कामे सोडायला सांगितली, ते योग्यच होते. पण टाकायचे होते ते नाते, वाद्य नव्हे. हुकूम आला की वाजवायचे, उंबऱ्याबाहेर बसून उरलेले खायचे, हे ते नाते. भीमराव कर्डकांच्या जलशाने ढोलकी टाकली नाही. त्याने मालक बदलला. कोणासाठी वाजवायचे, काय गायचे, मंच कोठे बांधायचे, हे जलसाकारांनी स्वतः ठरविले. वामनदादांनी त्याच वाटेने गावोगाव माणसे जागी केली. तेथेही वादक, शिक्षक आणि आयोजक एकच होते, आणि पाठीशी चळवळ होती.

आमच्या भागातील बँडपार्टीत यांतला पहिलाच भाग उरला आहे. सुपारी दुसऱ्याच्या हातात, गाणी दुसऱ्याच्या फर्माइशीची, आणि डीजेच्या भिंती उभ्या राहिल्यापासून फुंकणाऱ्याची मागणीही घटत चालली आहे. एका संस्थेच्या समारंभात मी पाहिले : गायकाला शाल-श्रीफळ, साथीच्या बँडवाल्यांना मागच्या दाराशी पत्रावळी. जुने मास्तर एकेक करून जात आहेत आणि त्यांच्या सरगमच्या वह्या माळ्यावर कुजत आहेत.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, दलित साहित्याने आत्मकथनातून जसा शब्दावर हक्क सांगितला, तसा स्वरावरही सांगितला पाहिजे. त्यासाठी मास्तरांच्या वह्या उतरवून घ्याव्यात. विहारांत आणि वसतिगृहांत स्वरलिपीचे वर्ग भरावेत. वादकांनी सुपारी आपल्या सहकारी संस्थेमार्फत घ्यावी, आणि वर्षातून एकदा तरी वरात नसताना, केवळ ऐकविण्यासाठी, आपल्या मंचावर वाजवावे. श्रोता त्या दिवशी खाली बसलेला असेल, आणि निवेदक वाजविणाऱ्याचे नाव पूर्ण आडनावासह पुकारील. ते नाव पुकारण्याचे काम आपल्याखेरीज दुसरे कोणी करणार नाही.