हशा वसूल, पदक बाकी

गल्ला भरणाऱ्या चित्रपटातल्या अभिनयाला पुरस्कार मिळत नाहीत, ही तक्रार मराठीत जुनी आहे आणि ती अर्धीच खरी आहे. राष्ट्रीय पुरस्कारांची २००८ ते २०१३ या वर्षांची यादी पाहिली तर मराठी नटनट्यांचा तो भरभराटीचा काळ दिसतो. ‘जोगवा’साठी उपेंद्र लिमये, ‘बाबू बँड बाजा’साठी मिताली जगताप-वराडकर, ‘देऊळ’साठी गिरीश कुलकर्णी, ‘अनुमती’साठी विक्रम गोखले, ‘धग’साठी उषा जाधव, ‘अस्तु’साठी अमृता सुभाष. यांपैकी एकही नाव वशिल्याने आलेलं नाही. याच काळात मराठी प्रेक्षक थिएटरकडे परतला तो मात्र ‘नटरंग’, ‘दुनियादारी’ यांच्यासाठी, आणि ती नावं अभिनयाच्या यादीत नाहीत. इथवर तक्रार बरोबर वाटते. पण ज्या वर्षी ‘नटरंग’च्या अतुल कुलकर्णींना पदक मिळालं नाही, त्या वर्षी ते ‘पा’साठी अमिताभ बच्चन यांना मिळालं. ‘पा’ हा काही कोपऱ्यातल्या फिल्म सोसायटीचा चित्रपट नव्हता. म्हणजे परीक्षकांना गर्दीचं वावडं आहे असं म्हणता येत नाही. वावडं दुसऱ्याच कशाचं तरी आहे.

ते कशाचं, हे मल्याळम उदाहरणांवरून लख्ख दिसतं. सलीमकुमार आणि सूरज वेंजारमूडू हे दोघे केरळात वर्षानुवर्षं विनोदी नट म्हणून गाजलेले. दोघांनाही सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं राष्ट्रीय पदक मिळालं. सलीमकुमार यांना ‘आदामिंडे मकन अबू’मधल्या हजला जाण्यासाठी पै-पै साठवणाऱ्या म्हाताऱ्यासाठी, सूरज यांना ‘पेरारियातवर’मधल्या सफाई कामगारासाठी. भूमिका उत्तमच होत्या. पण ज्या कामावर या दोघांनी उभी हयात घालवली, ते काम पदकाच्या लायकीचं ठरलं नाही. हसवणं थांबवलं त्या दिवशी ते नट ठरले. आपल्याकडे लक्ष्मीकांत बेर्डे यांनीही हा रस्ता धरून पाहिला. जब्बार पटेल यांचा १९९२चा ‘एक होता विदूषक’, पटकथा पु. ल. देशपांडे यांची. मराठी चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, लक्ष्मीकांतना पदक मिळालं नाही आणि नेहमीचा प्रेक्षकही फिरकला नाही.

परीक्षकांना अभिनयातले कष्ट दिसावे लागतात, असा माझा निष्कर्ष आहे. घटवलेलं वजन, बदललेला चेहरा, आजार, वेदना, दारिद्र्य, शेवटाकडे फुटणारा हुंदका, यांतलं काहीतरी समोर आलं की अभिनय झाल्याची खात्री पटते. विनोदी नटाची सगळी मेहनत मात्र कष्ट लपवण्यात जाते. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) घ्या. मधुमेहाच्या औषधाचे सत्तर रुपये बुडवणारा धनंजय माने आणि ते मागणारा विश्वास सरपोतदार यांचा प्रसंग पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे, पण त्यात अशोक सराफ नेमकं काय करतात याकडे फारसं लक्ष जात नाही. ते विनोद करत नाहीत. शोकवार्ता सांगणाऱ्या माणसाचा चेहरा करतात, हशासाठी थांबत नाहीत, आणि सुधीर जोशी यांना प्रतिक्रिया द्यायला नेमकी तेवढीच जागा सोडतात. हशा पिकतो तो सरपोतदारांच्या चेहऱ्यावर, पण तो पेरलेला असतो समोरच्याने. एका नटाला पदक द्यायची पद्धत इथे अडखळते, कारण हा अभिनय दोघांच्या मधोमध घडतो. त्याच चित्रपटातली लक्ष्मीकांत यांची पार्वती आणि सचिन यांची सुधा यांनाही हेच लागू होतं. बाईचं सोंग सहज उथळ होऊ शकलं असतं. ते होत नाही, कारण पकडलं जाण्याची भीती दोघेही शेवटपर्यंत खरी ठेवतात.

यावर लगेच दोन नावं पुढे येतील. ‘जॉली एलएलबी’च्या न्यायाधीशासाठी सौरभ शुक्ला यांना आणि ‘तनु वेड्स मनु रिटर्न्स’साठी कंगना रनौत यांना राष्ट्रीय पदक मिळालं, दोन्ही चित्रपट हसवणारे आणि चाललेले. मान्य. पण कंगना यांची दत्तो ही दुहेरी भूमिकेतली, पुढे आलेल्या दातांची, हरियाणवी बोलीची. कष्ट ढळढळीत दिसणारे. आणि सौरभ शुक्लांचा न्यायाधीश शेवटी गंभीर होतो, नैतिक भाषण करतो. अपवादांनासुद्धा दारावर तोच परवाना दाखवावा लागला. राज्य पुरस्कारांचं मन थोडं मोठं निघालं. ‘पांडू हवालदार’मधल्या अशोक सराफांची दखल तिथे घेतली गेली. फिल्मफेअरने तर विनोदी भूमिकेसाठी कित्येक वर्षं स्वतंत्र बाहुली ठेवली होती. पण स्वतंत्र पंगत मांडणं म्हणजे मुख्य पंगतीतून उठवणंच. राष्ट्रीय पुरस्कारांनी तेच चित्रपटांच्या बाबतीत केलं. १९७५पासून निकोप मनोरंजन करणाऱ्या लोकप्रिय चित्रपटाला वेगळं पदक आहे. ते निर्माता-दिग्दर्शकांना जातं, नटाच्या हाती काही लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गल्ल्याच्या चित्रपटाला बक्षीस गल्ल्यातच मिळालेलं असतं. पुरस्काराने तरी ‘धग’सारख्या छोट्या चित्रपटामागे उभं राहू नये काय? राहावं. मात्र तो चित्रपटाच्या पुरस्काराचा युक्तिवाद आहे, अभिनयाच्या नव्हे. गल्ला निर्मात्याचा असतो. शिवाय ‘सैराट’ने हा वाद एका वेगळ्या बाजूने निकालात काढला. रिंकू राजगुरू यांचा राष्ट्रीय पुरस्कारातला विशेष उल्लेख मार्च २०१६ मध्ये जाहीर झाला आणि चित्रपट पडद्यावर आला २९ एप्रिलला. परीक्षकांनी पाहिली ती कुणालाच माहीत नसलेली अकलूजची शाळकरी मुलगी. गर्दीचा दबाव नव्हता, गर्दीबद्दलचा आकसही नव्हता. महिनाभराने लोकांनीही तोच कौल दिला. उत्तरार्धात हैदराबादच्या झोपडपट्टीतली आर्ची पाहिली की दोघांचाही निर्णय पटतो: गावातला तोरा आवाजातून गळून पडलाय, तरी मान अजून तशीच ताठ. परीक्षक आणि प्रेक्षक एकमेकांचे वैरी असलेच पाहिजेत, असा काही नियम नाही.

अलीकडे तर लंबक दुसऱ्या टोकाला गेलाय. ‘तान्हाजी’साठी अजय देवगण, ‘पुष्पा’साठी अल्लू अर्जुन, ‘कांतारा’साठी रिषभ शेट्टी, ‘जवान’साठी शाहरुख खान. गर्दीचे चित्रपट आता रांगेने पदकं घेतात. पण सन्मान होतो तो नायकाच्या प्रतिमेचा. ‘पुष्पा’ला पदक मिळालं त्याच वर्षी ‘जय भीम’ला काहीच मिळालं नाही. कोठडीतल्या नवऱ्याचा शोध घेणारी इरुळा आदिवासी बाई लिजोमोल जोस यांनी ज्या संयमाने उभी केली, तो संयम खांदा उडवत चालण्याच्या लकबीपुढे फिका ठरवला गेला. लकब वाईट नव्हती. तुलना मात्र बोलकी आहे.

हा प्रश्न नंदुरबारमधून पाहिला की आणखी उघडा पडतो. २०११च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची जवळपास सत्तर टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची. ब्लॉकबस्टर ठरतो तो पुण्या-मुंबईच्या तिकिटांवर, पदक ठरतं दिल्लीत. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरातला प्रेक्षक या दोन्ही हिशेबांत नगण्य. पण अभिनय ओळखायला तो कुणाकडून शिकलेला नाही असं नाही. इथल्या सोंगाड्या पार्ट्या लग्नसराईत, जत्रेत रात्ररात्र खेळ करतात, भिली, मावची, अहिराणी अशा बोलींमध्ये. पुरुषच बाईची सोंगं घेतात. दिवसा मजुरी करणारा नट रात्री शेकडो माणसांसमोर उभा राहतो, हातात पक्की संहिता नसते, आणि हशा आला नाही तर पुढचं वाक्य तिथल्या तिथे बदलतो. सराफ-बेर्डे ज्या कौशल्यावर उभे आहेत, तेच हे कौशल्य. समोरच्याचा श्वास ऐकून स्वतःचा ठेका ठरवणं. ‘नटरंग’ने नाच्याचं दुःख पडद्यावर आणलं आणि लोक हेलावले. नाच्याचं कसब, म्हणजे तीन तास लोकांना जागेवर बसवून ठेवणं, त्यावर तेवढं बोलणं झालं नाही.

खानदेशाचं पडद्याशी नातं तसं नाही असं नाही. स्मिता पाटील यांचे वडील शिवाजीराव शिरपूरचे. ‘भूमिका’ आणि ‘चक्र’ या दोन राष्ट्रीय पदकांच्या नावाशी इथली माती जोडलेली आहे. ‘जैत रे जैत’मध्ये त्यांनी ठाकर बाई साकारली आणि ती आजही ताजी वाटते. पण आदिवासी बाई शहरी नटीने साकारली की तो अभिनय, आणि आदिवासी नटाने भर मैदानात दहा माणसं उभी केली की ती लोककला, हा भेद आपण कधी तपासलेला नाही. खानदेशी बोलीतल्या ज्या विनोदी चित्रफिती मोबाइलवर कोट्यवधी वेळा पाहिल्या जातात, त्यांतल्या नटांचंही तेच. कितीतरी चित्रफिती बटबटीत आहेत, हे कबूल; पण बटबटीतपणातूनही अचूक वेळ साधणारा नट निवडून काढणं हेच समीक्षेचं काम असतं, आणि ते काम कुणी अंगावर घेतलेलं नाही.

उशिरा येणारे जीवनगौरव ही उणीव भरून काढतात, असं म्हटलं जातं. अशोक सराफांना २०२३चा महाराष्ट्र भूषण मिळाला, २०२५ मध्ये पद्मश्री. आनंदच आहे. पण अशा सन्मानात कुठल्या भूमिकेत काय साधलं हे कुणाला सांगावं लागत नाही. लोकप्रियतेचे आभार मानले की भागतं. परीक्षकाला खरी किंमत मोजावी लागते ती त्याच वर्षी, एका विनोदी भूमिकेला एका शोकभूमिकेच्या वर ठेवताना. आणि नंदुरबारच्या सोंगाड्याचं नाव कधी मुंबईपर्यंत पोहोचलंच, तर राज्याच्या सांस्कृतिक पुरस्कारांत त्याच्यासाठी रकाना तयार आहे: आदिवासी गिरिजन. नाटकाचा रकाना त्याच यादीत वेगळा आहे. तो रात्रभर करतो ते नाटकच असतं.