खाडीपलीकडची पिढी आणि आपली समीक्षा

नव्या पिढीवरचे एक आरोपपत्र आपण फार दिवसांपासून तयार ठेवले आहे. जयंतीच्या व्याख्यानात, संमेलनाच्या मांडवात, नियतकालिकांच्या पानांवर ते पुन्हा पुन्हा वाचले जाते. ही मुले शिकली, कंपन्यांत लागली, फ्लॅट घेऊन बसली, वस्तीशी त्यांचे नाते तुटले. थोडक्यात, ती 'दलित ब्राह्मण' झाली. आरोपाला आधार म्हणून बाबासाहेबांचे १९५६ चे आग्र्याचे भाषण उभे केले जाते. शिकलेला माणूस आपल्याच पोटापुरता उरला, ही बाबासाहेबांची व्यथा खरी होती. पण त्या व्यथेचा आपण शिक्का करून टाकला आहे, आणि शिक्का मारायला विचार करावा लागत नाही.

मी गेली पंचवीस वर्षे नवी मुंबईतील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. हे आरोपी माझ्या वर्गात बसतात. त्यांचे आजोबा माटुंगा लेबर कॅम्प, वरळीच्या चाळी, घाटकोपरच्या झोपड्या इथले. वडील खाडी ओलांडून तुर्भे, नेरूळ, घणसोलीत आले. ही मुले यशाचा आणि नात्याचा जो अर्थ लावतात तो आपल्या समीक्षेने अजून तपासलेलाच नाही. आपण त्यांना आपल्या जुन्या मापाने मोजतो आणि ती कमी भरली की खेद व्यक्त करतो.

मापे नेहमीच बदलत आली आहेत. येसकराची काठी खाली ठेवणे हे एका पिढीचे यश होते; १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली तेव्हा कित्येक घरांत, आता खायचे काय, या भीतीबरोबरच सुटकेचा श्वासही होता. नंतरच्या पिढीचे यश म्हणजे रेल्वे, गोदी, पोस्ट, महापालिका यांतील कायम नोकरी. १९७२ साली पँथर उभी राहिली आणि 'गोलपिठा' आला तेव्हा नामदेव ढसाळ तेवीस वर्षांचे होते. पोराला नोकरी लागावी म्हणून झिजणाऱ्या आईबापांना ही पोरे वाया गेलेलीच वाटली असणार. आज आपण ज्यांच्या तसबिरी लावतो ते कालचे बिघडलेले तरुणच होते, हे आपल्या वक्त्यांना सोयीस्करपणे आठवत नाही.

आता ज्या शहरात ही मुले वाढली त्याचा विचार करू. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली, ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर कागदाचे शहर आखले गेले. (ती जमीन रिकामी नव्हती. जासईच्या परिसरात जानेवारी १९८४ मध्ये गोळीबारात पाच माणसे मेली, हे विसरून या शहराच्या आखीवपणाचे कौतुक करता येणार नाही.) १९७३ मध्ये खाडीवर पूल झाला, १९९२ मध्ये वाशीला रेल्वे आली. गावात महारवाडा कुठे हे वाऱ्याच्या दिशेवरूनही सांगता येत असे. इथे पत्ता म्हणजे सेक्टर अमुक, प्लॉट तमुक. घर सोडतीत निघाले तर शेजारी कोण येईल हेही चिठ्ठीच ठरवणार. आपल्या माणसांना या निर्जीव आकड्यांचे जे आकर्षण वाटले त्याची मध्यमवर्गीय हौस म्हणून चेष्टा करणाऱ्यांना मी एकच विचारतो: ज्याचा पत्ता हीच ज्याची शिवी होती, त्याला आकड्याचा पत्ता मिळणे ही चैन आहे काय?

पण सोडतीत निघालेले घर वेगळे आणि भाड्याचे घर वेगळे. इथे बाबुराव बागुलांकडे यावे लागते.

'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा मी दरवर्षी शिकवतो. १९६३ चा संग्रह. उधन्याला रेल्वेत लागलेला तरुण, खोलीच्या शोधात जातीचा प्रश्न, चोरलेली जात, कवितेमुळे मिळालेला मान, आणि मग बिंग फुटल्यावरचा मार. ही कथा आपली समीक्षा ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून वाचते. माझी अपेक्षाही एके वर्षी तशीच होती की मुले तिला जुनी म्हणतील. एक मुलगा म्हणाला, "सर, आता जात कोणी विचारत नाही. पूर्ण नाव विचारतात. मग गाव विचारतात. मग 'नॉनव्हेज खाता का' विचारतात. मग फोन येतो की घरमालकाच्या भावाचं लग्न ठरलंय, फ्लॅट त्यालाच लागणार आहे." वर्ग हसला. त्या हसण्यात ओळख होती. दुसरी एक मुलगी म्हणाली, "आमच्या वेळी बहिणीची डिलिव्हरी होती." मग घरमालकांच्या नातेवाइकांची यादीच निघाली.

सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व भोवतालच्या शहरांत घरभाड्याचा अभ्यास करून तो २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. दलितांना, आणि त्याहून अधिक मुसलमानांना, नकार मिळतो. होकार मिळाला तरी तो अटींसह मिळतो, असे त्यात दिसले. माझ्या विद्यार्थ्यांना ते वाचून आश्चर्य वाटले नाही. त्यांना आश्चर्य वाटले ते बागुलांच्या नायकाचे. "त्यानं एवढा मार खाल्ला आणि शेवटी त्या माणसांना दोष न देता मनूला दिला! आम्ही रेकॉर्डिंग केलं असतं." या वाक्यात उथळपणा शोधणारे शोधतील. मला त्यात एक मोठे स्थित्यंतर दिसते. बागुलांचा नायक मारणाऱ्याच्या आतला मनू पाहतो. ही त्याची करुणा आहे आणि कथेची उंचीही आहे. हा मुलगा मात्र समोरच्या माणसाला त्याच्या कृत्याबद्दल जबाबदार धरू पाहतो. तो स्वतःला नागरिक समजतो. त्याला करुणेपेक्षा पुरावा हवा आहे.

हाच धागा आडनावाकडे जातो. कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट' (१९८१) मध्ये संस्कृतच्या पदवीची कथा आहे. सोमकुंवर या नावाने ज्या दारांनी दाद दिली नाही ती लग्नानंतर पावडे या नावाला उघडली. त्यांनी ते आनंदाने सांगितलेले नाही. विद्वत्ता तीच, बाई तीच. बदलले ते एक आडनाव. पुढे २००७ मध्ये थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास आला: सारख्याच पात्रतेचे अर्ज, फक्त नावे वेगळी, आणि खासगी कंपन्यांकडून दलित नावांना कमी बोलावणी. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रासायनिक कारखाने एकामागून एक बंद पडले, ऐरोली-महापे भागात संगणकाच्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. बापाला आरक्षणाने सरकारी दार उघडले होते. मुलगा ज्या काचेच्या दारातून आत जातो तिथे आरक्षण नाही. तरीही तो आत गेला असेल तर त्याने काय सोसले, काय गिळले, हे न विचारता आपण त्याला पोटभरू म्हणतो.

माझ्या विद्यार्थ्यांना मी यशाची व्याख्या लिहायला सांगतो. पगार, गाडी, परदेश हे असतेच. असणारच, उपाशी राहण्याचा मक्ता आपण घेतलेला नाही. पण एका मुलीने लिहिले: 'जेवणाच्या सुट्टीत कोणी पूर्ण नाव विचारलं तर उत्तर देण्याआधी एक सेकंदही थांबावं न लागणं.' पद, बंगला, बॅरिस्टरी या आपल्या सगळ्या मापांपेक्षा हे माप कठीण आहे. कारण ते एकट्याच्या कर्तृत्वाने गाठता येत नाही. ऐकणाराही बदलावा लागतो.

इथे नरेंद्र जाधवांच्या पुस्तकाचा विचार अपरिहार्य आहे. 'आमचा बाप आन् आम्ही' (१९९३) हे गोदीत राबलेल्या दामूचे आणि त्याच्या शिकलेल्या मुलांचे पुस्तक. ते आपल्या घराघरांत गेले, कारण वर चढण्याचा अभिमान त्यात निःसंकोच आहे. त्याच्या २००३ च्या इंग्रजी रूपाच्या शेवटी नात बोलते: मी फक्त मी आहे, जातधर्माने बांधलेली नाही. आपल्या टीकाकारांना हे पलायन वाटते. मला ते वाटत नाही. जातीने न बांधलेले माणूस निर्माण व्हावे याचसाठी तर सारी चळवळ होती. ते प्रत्यक्ष समोर आले की आपण दचकावे का? माझी हरकत वेगळी आहे. ते वाक्य त्या मुलीला उच्चारता येते, कारण तिच्या मागे दोन पिढ्यांचे भक्कम जोते आहे. तुर्भे स्टोअरच्या वस्तीत राहून कंत्राटावर रस्ता झाडणाऱ्या बाईच्या मुलीने तेच वाक्य म्हटले तर शहर ते ऐकून घेणार नाही. हे स्वच्छ शहर मोठ्या प्रमाणात कंत्राटी हातांनी स्वच्छ ठेवले आहे, आणि त्या हातांत आपले हात किती, हे सांगायला पाहणीची गरज नाही. 'मी फक्त मी' हे वाक्य खोटे नाही, अपुरे आहे. वर चढलेली मुले हा अपुरेपणा ओळखतात का, हा खरा प्रश्न.

म्हणजे नात्याचा प्रश्न. 'बलुतं' (१९७८) मध्ये दया पवारांनी स्वतःचे दोन भाग केले: शिकलेला, पांढरपेशा दया पवार आणि त्याच्यापुढे बोलणारा दगडू मारुती पवार. धामणगाव आणि कावाखाना दगडूच्या वाट्याला, लेखणी दया पवारच्या. शिकलेल्या दलिताचे आपल्या माणसांशी नाते अपराधभावाचेच असते, हे आपण त्या पुस्तकातून शिकलो आणि मग तो नियम करून टाकला. जो अपराधी नाही तो बेइमान! पण त्याच घरातील पुढची पिढी पाहा. प्रज्ञा दया पवार यांची 'अंतःस्थ'पासूनची कविता बाईचे शरीर, इच्छा, महानगर आणि बाजार यांना एकाच आवाजात भिडते. तिथे दगडू वेगळा काढून समोर बसवावा लागत नाही. बापाचे नाव स्वतःच्या नावात ठेवणे ही तिथे निवड आहे. 'आयदान' (२००३) मध्ये ऊर्मिला पवार आईच्या विणण्याशी आपल्या लेखनाची जी वीण जोडतात, तीही अपराधाची नाही. एका कामकरी बाईने दुसरीचे काम ओळखण्याची आहे.

माझ्या विद्यार्थ्यांचे नाते या दुसऱ्या जातीचे आहे. (शब्द आलाच, राहू द्या.) मुंबईत कोकणातील आपल्या माणसांना बौद्धजन पंचायत समितीच्या शाखांनी धरून ठेवले. वर्गणी, लग्न, मयत, गावचा विहार, सगळे शाखेतून. त्या शाखांचे ऋण मोठे आहे. पण सभेत पुढे पुरुष आणि मागे चहा करणाऱ्या बाया हे चित्रही आपण पाहिले आहे. आजची मुलगी वर्गणी देते आणि विचारते की हिशेब कोणाकडे आहे व समितीत बाई का नाही. तिला उद्धट ठरवले जाते, मग ती येत नाही, मग आपण म्हणतो नाते तुटले. तीच मुलगी ६ डिसेंबरला पनवेलच्या गाडीने कुर्ल्याला बदलून दादरला जाते, शिवाजी पार्कच्या पुस्तकांच्या रांगांत तासन् तास घालवते, ऐरोलीच्या बाबासाहेबांच्या स्मारकातील ग्रंथालयात मैत्रिणींबरोबर बसते. त्यातल्या दोघी आपल्या समाजातल्या नाहीत. तिच्या लेखी ही माणसे तिचीच. तिने ती निवडली आहेत.

हे सगळे मराठी साहित्यात कुठे आहे? अरुण काळे यांनी 'नंतर आलेले लोक' असे संग्रहाचे नाव ठेवले तेव्हा दिशा दाखवली होती. त्यांच्या 'ग्लोबलचं गावकूस' या नावातच नव्या काळाचे अर्धे विश्लेषण आहे. पण काळेही गेले, आणि फ्लॅटमधील दलित जीवन गद्यात अजून जवळजवळ कोरेच आहे. दोष लिहिणाऱ्यांचा नाही. आपण वेदनेचा पुरावा मागतो. उकिरडा, मेलेले ढोर, उपास यांपैकी काही नसेल तर अनुभव अस्सल नाही, असे सवर्ण समीक्षक म्हणत होते तेव्हा आपण चिडत होतो. आता तेच आपण म्हणतो.

माझ्या एका विद्यार्थिनीने कथा लिहिली. नेरूळच्या इमारतीत नवे घर. आईने बाबासाहेबांची तसबीर आतल्या खोलीत लावली आहे. सोसायटीची माणसे एकदा येऊन जाऊ देत, सत्यनारायणाच्या वर्गणीचा विषय संपू दे, मग बाहेर आणू. वडील गप्प. ते निवृत्त फिटर, युनियनच्या मोर्च्यात सगळ्यांत पुढे असणारे. पण या दिवाणखान्यात त्यांना आवाज सापडत नाही. रविवारी मुलीच्या ऑफिसातली सहाजणे जेवायला येणार आहेत. सकाळी ती स्टुलावर चढते आणि दारासमोरच्या भिंतीत खिळा ठोकू लागते. भिंत काँक्रीटची, खिळा वाकतो. दुसरा वाकतो. खालच्या मजल्यावरून आवाज बंद करा म्हणून निरोप येतो. शेवटी वडील उठतात, शेजारच्या घरून ड्रिल मशीन मागून आणतात. शेजारी विचारतो, "काय लावताय?" वडील क्षणभर थांबतात. कथा तिथेच संपते.

एका नियतकालिकाने, नाव सांगत नाही पण ते आपल्यातलेच, ती कथा परत पाठवली. सोबत एक ओळ: 'मांडणी चांगली आहे, पण यात दलित जाणीव कुठे आहे?' मी ती ओळ वर्गात वाचून दाखवली. कोणी हसले नाही. पहिल्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "सर, ते थांबले तीच तर आहे."

कथा साडेसात पानांची आहे. मुलीने तिच्यात काहीही बदलायला नकार दिला आहे, आणि मीही तिला बदलायला सांगितलेले नाही.