फरसबंदीखालील निचरा : सेडरग्रेन यांच्या प्रतिपादनाचे परीक्षण

रस्त्यावरील भार अखेर मूळ जमीनच पेलते, आणि ती कोरडी असेल तोवरच पेलते, हे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मॅकॅडम यांनी मांडलेले तत्त्व आज सर्वमान्य आहे. पाणी आत येऊच न देणे, हा त्यांचा उपाय होता. हॅरी सेडरग्रेन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ड्रेनेज ऑफ हायवे अँड एअरफील्ड पेव्हमेंट्स’ ह्या ग्रंथात भूमिका बदलली. सांधे व भेगा यांतून पाणी शिरणारच, तेव्हा फरसबंदीखाली पारगम्य थर व कडेला सच्छिद्र नळ घालून ते त्वरेने बाहेर काढावे, असा त्यांचा आग्रह आहे.

हा आग्रह निराधार नाही. इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० ह्या काळात झालेल्या रस्ता-चाचणीत बर्फ वितळण्याच्या ऋतूतच फरसबंदीची हानी विशेष वेगाने झाली होती. डार्सी यांच्या १८५६ च्या नियमाने थराची वहनक्षमता मोजण्याची रीतही शास्त्रशुद्ध आहे.

परंतु ह्या गणितात येणारी पारगम्यता ही बांधकामाच्या दिवसाची असते. पुढे बारीक माती थरात शिरते, नळाच्या तोंडाशी गाळ साचतो, गवत माजते, उंदीर-घुशी घर करतात, अवजड यंत्राखाली नळ चेपतो. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत नळांत कॅमेरे सोडून केलेल्या पाहणीत असे दोष अनेक ठिकाणी उघडकीस आले. नळ तुंबला की पारगम्य थर निचरा करण्याऐवजी पाणी साठवू लागतो. अशा स्थितीत तो थर नसता तर बरे, असे म्हणण्याची पाळी येते. ओलाव्याने फुगणाऱ्या दख्खनच्या काळ्या मातीवर तर हा धोका अधिकच गंभीर होय.

सारांश, सेडरग्रेन यांचा सिद्धांत खोटा नाही. तो सशर्त आहे. नळ धुण्यासाठी आत शिरता येईल अशी सोय, निर्गममुखांवर खुणेचे दगड, पावसाळ्यापूर्वीची तपासणी आणि तिच्यासाठी दरवर्षीची तरतूद, ह्या गोष्टी आराखड्यातच अंतर्भूत असल्या पाहिजेत. ज्या निचऱ्याची देखभाल होणार नाही, तो कागदावर कितीही निर्दोष असला, तरी त्याच्या भरवशावर फरसबंदीची जाडी ठरविणे युक्त नव्हे.