स्त्रियांचे आत्मकथन आणि एकांताचा प्रश्न

मराठी स्त्रीच्या आत्मकथनाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी होते. त्यातील अनुभव किती अस्सल, आणि तो सांगण्यातील धीटपणा किती. ते लेखन कुठे बसून झाले, त्या वेळी घरात कोण होते, कागद कोणाच्या हाती पडण्याची धास्ती होती, हे समीक्षेने फारसे विचारलेले नाही. वास्तविक लेखनाची जागा लेखनाच्या रूपात उतरत असते. स्त्रियांसाठी निवासी लेखन शिबिरे हवीत, अशी मागणी होते. तिचे मोल ठरवायचे तर सुरुवात इथून करावी लागेल.

रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी' 1910 साली प्रसिद्ध झाले. न्यायमूर्ती 1901 साली गेले होते. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चा पहिला भाग 1934 सालचा. रेव्हरंड टिळक 1919 सालीच निवर्तले होते. दोघींची लेखणी चालली ती पतीच्या पश्चात. रमाबाईंच्या 'आमच्या' या शब्दाचा कल पतीकडे आहे. लक्ष्मीबाई मात्र टिळकांचा विक्षिप्तपणा आणि स्वतःची फजिती सारख्याच मोकळेपणाने मांडतात. या मोकळेपणाला स्वभाव कारण आहेच. पण या आठवणी लिहाव्यात असा आग्रह मुलगा देवदत्त यांचा होता, हेही विसरता येत नाही. घरच्या संमतीने लिहिणारीचे हसू वेगळे असते.

हंसा वाडकरांनी 'सांगत्ये ऐका' (1970) सांगितले आणि अरुण साधूंनी ते शब्दांत उतरवले. ऐकणारा घरचा नव्हता. म्हणून त्या कथनात लपवाछपवीची भाषाच नाही.

आता बेबी कांबळे. 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने 1986 साली आले. फलटणच्या आपल्या लहानशा दुकानात बसून, नवऱ्याच्या नजरेआड, त्यांनी ते लिहिले आणि वर्षानुवर्षे दडवून ठेवले. मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते बाहेर आले. या पुस्तकात वस्तीची भूक, अंधश्रद्धा, सासुरवास आणि आंबेडकरी चळवळीने आलेली जाग हे सारे आहे. लेखिकेचा स्वतःचा संसार मात्र जवळजवळ नाही. नवऱ्याची मारहाण आणि संशय याबद्दल त्या बोलल्या ते पुढे माया पंडित यांनी घेतलेल्या मुलाखतीत. ती मुलाखत 2008 सालच्या इंग्रजी अनुवादाबरोबर छापली आहे.

यावरून असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो की, बेबीताईंना चार महिने शांत जागा मिळाली असती तर पुस्तक अधिक संपूर्ण झाले असते. तो मोह आवरावा. 'आमुचं' हे त्या पुस्तकाचे न्यून नव्हे, तीच त्याची शक्ती आहे. शिबिराने 'आम्ही' पुसून त्या जागी 'मी' बसवायचा असेल, तर तो लाभाचा व्यवहार ठरणार नाही. पण काय सांगायचे आणि काय वगळायचे, ही निवड भीतीने न होता लेखिकेने करावी, एवढे तरी शिबिराने साधावे. शिबिराचे खरे मोल निसर्गरम्य परिसरात नाही, ते इथे आहे.

व्हर्जिनिया वुल्फने 1929 साली स्वतःच्या खोलीबरोबर दाराला कुलूप आणि वर्षाचे पाचशे पौंडही मागितले होते. आपण खोली लक्षात ठेवली, कुलूप आणि पैसे विसरलो. अमेरिकेत व्हिडबी बेटावर नॅन्सी नॉर्डहॉफ यांनी 1988 साली उभारलेल्या 'हेजब्रुक'मध्ये लेखिकांना स्वतंत्र कुटी मिळते आणि जेवण आयते मिळते. आयते जेवण ही चैन वाटेल. पण लेखिकेच्या दिवसातून चूल वगळली की किती दिवस उरतो, हे कोणत्याही गृहिणीला विचारावे.

हा नमुना आपल्याकडे कोणासाठी, हे सचिनकडे पाहिले की कळते. सुरतेच्या दक्षिणेला, मुंबईच्या लोहमार्गावरचे हे गाव एकेकाळी नवाबी संस्थान होते. आज ती मोठी औद्योगिक वसाहत आहे. सुरतेच्या या पट्ट्यातल्या कामगार वस्त्यांत धुळे, नंदुरबार, जळगावकडची कुटुंबे पिढ्यांपासून आहेत. पुरुष यंत्रमागावर, बाई घरी साड्यांवर खडे चिकटवते, धागे कापते, मजुरी नगावर. तिने आठ दिवस शिबिराला जायचे म्हणजे आठ दिवसांची मजुरी बुडणार. शिवाय घरात अहिराणी, बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी आणि मराठी शाळेत शिकलेली प्रमाण मराठी. आठवण ज्या भाषेत आली, त्या भाषेत ती कागदावर यावी, असे तिला कोणी सांगितलेले नसते.

खानदेशाला मात्र स्त्रियांच्या विसाव्याची एक जुनी रीत ठाऊक आहे. आखाजीला लेक माहेरी येते, झोक्यावर बसते, गाते. सासरचे ऐकायला नसतात, म्हणून गाण्यात सासर येते. पण माहेरचे गाऱ्हाणे तिथे गाता येत नाही. एकटीचे दुःखही साऱ्याजणींच्या चालीत बसवावे लागते. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. सोपानदेवांसारखा मुलगा होता म्हणून ती कविता 1952 साली पुस्तकात पोचली. प्रत्येक घरी सोपानदेव नसतो.

तेव्हा सचिनला हवे असलेले शिबिर डोंगरावरचे नाही. मराठी शाळेचा एखादा वर्ग, सुट्टीचे काही दिवस, बुडालेल्या मजुरीची भरपाई, दुपारचे जेवण, अहिराणी समजणारी एक ऐकणारी आणि वह्या ठेवायला कुलपाचे कपाट, ज्याची किल्ली लिहिणारीपाशी. यात सर्वांत स्वस्त वस्तू कपाट आहे आणि तिच्याच अभावी सर्वाधिक आत्मकथने अलिखित राहिली असतील. सीमेवरच्या आपल्या साहित्यसंस्थांनी पुढल्या संमेलनाच्या मंडपातील एक कमान कमी केली, तरी त्याची सोय होईल.