‘प्लॉट’ची माती

दिवाळीच्या फराळाला चार माणसे जमली की गप्पांचा नेम नसतो. नवी मुंबईतील तळवली गावी अशाच एका बैठकीत दोघे ‘प्लॉट’विषयी बोलत होते. एकाचे म्हणणे, अमक्या सिनेमाला प्लॉटच नाही. दुसऱ्याचे गाऱ्हाणे, भावकीचा प्लॉट अजून वाटून झालेला नाही. शब्द एक आणि विषय दोन. पण गैरसमज मात्र कोणाचाच झाला नाही!

इंग्रजीत या शब्दाचा जन्म मातीतला. मुळात प्लॉट म्हणजे जमिनीचा लहान तुकडा. पुढे त्या तुकड्याचा आराखडा, त्यावरून योजना. आणि सोळाव्या शतकात, कट या अर्थाच्या एका फ्रेंच शब्दाच्या सावलीत, गुप्त कारस्थान. 1605 साली लंडनचे पार्लमेंट उडवून देण्याचा बेत ‘गनपावडर प्लॉट’ म्हणूनच ओळखला जातो. नाटक-कादंबरीची रचना हा अर्थ त्यानंतरचा. कथेत गुंता वाढला की इंग्रज म्हणतो, प्लॉट दाट होत चालला. जणू चुलीवरची कढीच!

मराठीने मात्र या शब्दाची वाटणी केली. जमिनीला भूखंड, कारस्थानाला कट, नाटकाला संविधानक, कादंबरीला कथानक. बोलण्यात मूळ शब्द राहिला तो मुख्यतः जमिनीपुरता, आणि त्याला क्रियापद जोडले ते अस्सल आपले : आपण प्लॉट ‘पाडतो’. टांकसाळीत नाणी पाडतात, तसेच! ‘भूखंडाचे श्रीखंड’ ही राजकारणातली कोटी तर आता म्हणींच्या पंक्तीला बसली आहे.

वाटणी सोयीची खरी. पण तिच्यात आपल्या टीकेचा एक तोटा झाला. ‘कथानक’ म्हणताना आपल्याला पायांखालची जमीन आठवत नाही. ई. एम. फॉर्स्टर यांनी 1927 साली भेद सांगितला तो असा : घटनांचा नुसता क्रम ही गोष्ट, कार्यकारणाने बांधलेला क्रम हा प्लॉट. हा भेद तळवलीच्या परिसराला लावून पाहावा. 1970 साली सिडको स्थापन झाली. नव्या शहरासाठी गावोगावच्या जमिनी गेल्या. 1984 साली उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. ही झाली गोष्ट. ते पाच प्राण आणि ते साडेबारा टक्के यांच्यामधला ‘म्हणून’ ज्याला लिहिता येईल, त्याला प्लॉट सापडला असे म्हणावे.

त्या बैठकीत एक आजी होत्या. त्यांनी प्लॉट हा शब्द एकदाही उच्चारला नाही. समोरच्या उंच इमारतीकडे बोट दाखवून त्या एवढेच म्हणाल्या, “ते आमचं शेत.” ‘होतं’ म्हणाल्या नाहीत. आमच्या कादंबरीकाराने आरंभ करावा तो त्या न उच्चारलेल्या ‘होतं’पासून.