ड्युटीवरची श्रद्धा

नांदेडहून लातूरला जाणारी एसटी लोहा, अहमदपूर, चाकूर करत जाते. माझी नोकरी नांदेडात आणि आई लातुरात, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी हा प्रवास ठरलेला. मागच्या पावसाळ्यात ह्याच एसटीत मी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' तिसऱ्यांदा वाचून काढलं. पहिल्यांदा वाचलं ते अभ्यासक्रमात होतं म्हणून. दुसऱ्यांदा वर्गात शिकवायचं होतं म्हणून. तिसऱ्यांदा कारण होतं एक भांडण.

आई तीस वर्षं नर्स होती. तिच्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून एका जुन्या कॅलेंडरचा कागद चिकटवलेला आहे. त्यावर बायबलमधलं एक वचन. जे काही कराल ते माणसांसाठी म्हणून नव्हे, प्रभूसाठी म्हणून जीव ओतून करा, असा त्याचा अर्थ. पौलाच्या नावावर असलेल्या कलस्सैकरांस पत्रातलं, तिसऱ्या अध्यायातलं. मी पाहिलेल्या बऱ्याच ख्रिस्ती घरांत हे वचन कुठं ना कुठं असतंच. घड्याळाखाली, फ्रिजवर, आता व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला.

एका रविवारी मी ते वचन आधीच्या ओळीसकट वाचलं आणि चमकलो. कॅलेंडर छापणारे आधीची ओळ छापत नाहीत. तिथं पौल दासांशी बोलतोय. गुलामांशी. त्यांना सांगतोय, धन्याचं ऐका, तो बघत असेल तेवढ्यापुरतंच नाही.

मी हे आईला सांगितलं, आणि जरा विजयानंच सांगितलं. कारण त्यामागं घरातलं एक जुनं दुखणं होतं. तिच्या वॉर्डात दर दिवाळीला तिची ड्युटी लागायची. "सिस्टर, तुम्हाला कुठं दिवाळी असते?" असं म्हणून. ठीक आहे. पण नाताळलाही लागायची, कारण तेव्हा स्टाफ कमी. वर पुन्हा कौतुक, "तुमच्या लोकांना सेवा जमते." माझ्या लहानपणीचे कित्येक नाताळ मी शेजारच्या काकूंकडं करंज्या खात काढले. तेव्हा मला ते वचन म्हणजे आईला राबवून घ्यायची पावतीच वाटायला लागलं. मी म्हटलं, "बघ, गुलामांनाच सांगितलंय हे." ती काही बोलली नाही. भाजी निवडत राहिली. मग आमचं दोन महिने त्या विषयावर बोलणं नाही.

म्हणून 'स्मृतिचित्रे'. मला बघायचं होतं, मराठीत ख्रिस्ती माणसाची श्रद्धा त्याच्या रोजच्या कामात कुठं दिसते तरी का?

सुरुवातीला ती दिसत नाही. मराठी ख्रिस्ती साहित्याचा पहिला मोठा टप्पा बाबा पदमनजींचा. 'यमुनापर्यटन' १८५७ चं. विधवांची दैना त्यात पोटतिडकीनं आलीय, आणि त्या काळाच्या मानानं ते धाडसाचंच पुस्तक. पण श्रद्धा तिथं वाद जिंकते. माणसं बोलतात, ऐकतात, पटवतात, पटवून घेतात. पदमनजींचं आत्मचरित्र 'अरुणोदय' १८८८ चं. तिथंही सगळा जोर एका माणसाचं मन कसं बदललं ह्यावर. बदललेलं मन दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करतं, ह्यात ह्या लेखनाला फारसा रस नाही.

लक्ष्मीबाईंना नेमका त्यातच रस आहे. 'स्मृतिचित्रे' चार भागांत आलं, १९३४ पासून. चौथा भाग पुरा व्हायच्या आतच त्या १९३६ मध्ये गेल्या. आपण ते पुस्तक विनोदासाठी वाचतो, तिरसट आणि भोळ्या टिळकांसाठी वाचतो, एका कमी शिकलेल्या बाईच्या झऱ्यासारख्या भाषेसाठी वाचतो. तिसऱ्या वाचनात मला ते वेगळं दिसलं. हे पुस्तक हातांचं आहे. त्यात सतत कुणीतरी धुतंय, रांधतंय, पाणी भरतंय, लेकरू अंगावर घेतंय.

सुरुवात आठवा. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही, आणि त्या धुण्यात घरातल्या बायकांचा जीव मेटाकुटीला आलेला. धर्म म्हणजे काय, तर बायकांच्या हाताला लावून दिलेलं काम. लक्ष्मीबाई हे हसत हसत सांगतात. आपणही हसतो आणि पुढं जातो. पण पुढं जे घडतं त्याचा पाया हाच आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तो विचारानं. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो, असं ते सांगत. लक्ष्मीबाईंना असा पूल नव्हता. त्या काही वर्षांनी नवऱ्याकडं परतल्या तेव्हाही स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. त्यांचा बदल पाणी आणि अन्न ह्यांच्याच वाटेनं झाला. कुणाच्या हातचं चालतं, कुणाच्या हातचं का चालत नाही, आणि ज्यानं हात केले त्यानं हा फरक केला होता का? १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तोवर खरं काम स्वयंपाकघरात होऊन गेलं होतं.

त्यानंतरची पानं मला जास्त महत्त्वाची वाटतात. दुष्काळातली अनाथ पोरं टिळकांच्या घरात येतात. टिळक उदार, हातात पैसा टिकायचा नाही. औदार्य त्यांचं आणि पिठाचा डबा लक्ष्मीबाईंचा. नगरच्या प्लेगच्या छावणीत त्या रोग्यांची शुश्रूषा करतात. कुठंही त्या 'मी सेवा केली' असं म्हणत थांबत नाहीत. घाबरतात, चुकतात, चिडतात, नवऱ्याला टोमणा मारतात आणि पुढचं काम उचलतात. श्रद्धा त्यांच्या वाक्यात नाही, क्रियापदात आहे. मार्टिन ल्यूथरनं सोळाव्या शतकात मांडलं होतं की चांभाराचं किंवा मोलकरणीचं काम हेही धर्मगुरूच्या कामाइतकंच देवाचं बोलावणं आहे. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात हा सिद्धांत शोधायला गेलं तर सापडणार नाही, आणि पुस्तक उघडलं तर पानापानावर आहे.

इथपर्यंत मी खूश होतो. अहमदपूरच्या स्टँडवर चहा पिताना आईला फोन करून माफी मागावी असंही वाटलं.

पण मग एक गोष्ट टोचायला लागली. काम ही देवाची पूजा, हे मराठीला कुणी परक्यानं येऊन शिकवायची गरज नव्हती. सावता माळ्यानं आपल्या मळ्यातल्या भाजीत विठ्ठल पाहिला, हे आपण शाळेत शिकलो. नांदेडात तर तुम्ही गुरुद्वाऱ्यात गेलात की लंगरच्या पोळ्या लाटणारे, भांडी घासणारे, जोडे सांभाळणारे हात दिसतात, आणि ती सेवा करताना शेटजी कोण आणि हमाल कोण ते कळत नाही. हे सुंदरच आहे. पण सावत्याच्या शेजारी चोखोबाला उभं करून बघा. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधताना ती अंगावर कोसळून तो गेला. त्याचंही कामच चाललं होतं. फक्त ते त्यानं निवडलं नव्हतं. मळा सावत्याचा होता. भिंत चोखोबाची नव्हती.

कपाटावरच्या वचनाचा काटा इथं आहे. निवडलेल्या कामात देव पाहणं वेगळं आणि लादलेल्या कामात देव बघायला सांगणं वेगळं. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती मंडळींचा इतिहास मुख्यतः दुसऱ्या बाजूचा आहे. एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्रींनी निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत उभी केली. स्वतः शेषाद्री ब्राह्मण कुळातले, पण त्यांच्यामागं आलेले बहुतेक मांग आणि महार. पिढ्यान् पिढ्या गावची कामं करत आलेले. त्यांच्यासाठी नवीन श्रद्धा म्हणजे आधी नवीन काम होतं. शाळा, शिवण, सुतारकाम, नर्सिंग. माझ्या आजीला 'सिस्टर' हा शब्द एवढा मोठा का वाटायचा, ते मला फार उशिरा कळलं. त्या शब्दात जात नव्हती.

आता समीक्षकाचा प्रश्न. ह्या माणसांचं 'स्मृतिचित्रे' कुठं आहे?

दलित आत्मकथनांनी मराठीत काय केलं ते सांगायला नको. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ चं, लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' १९८० चं, शरणकुमार लिंबाळ्यांचं 'अक्करमाशी' १९८४ चं. काम, जात, भूक, सगळं नावागावासकट आलं. ख्रिस्ती बाजूला सर्वांत ठळक आवाज फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांचा. श्रद्धा घेऊन माणूस रस्त्यावर कसा उतरतो, हे वसईची हिरवाई वाचवण्याच्या लढ्यात दिसलं, आणि त्यांच्या 'नाही मी एकला' ह्या आत्मकथनातही दिसतं. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आमच्या लातूरच्या शेजारीच, ९३ वं साहित्य संमेलन झालं तेव्हा ते अध्यक्ष होते. ख्रिस्ती धर्मगुरू त्या खुर्चीवर बसण्याची ती पहिलीच वेळ. त्यांच्या निवडीवर आक्षेप घेतले गेले. तरी ते आले आणि बोलले. पण दिब्रिटोंच्या पाठीशी वसई होती. कित्येक शतकांचं, शेतीवाडीचं, उघडपणे ख्रिस्ती असलेलं वसई. मराठवाड्यातल्या सिस्टरच्या पाठीशी तसं काही नाही.

आणि तिच्यासमोर एक कागद आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुद्दुचेरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की नियमित चर्चमध्ये जाऊन ख्रिस्ती धर्म पाळणाऱ्या व्यक्तीला आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करता येणार नाही. कायदा म्हणून त्याची बाजू असेल. मी त्याकडं वाचक म्हणून बघतो. आत्मकथन म्हणजे नावानिशी दिलेली साक्ष. १९५६ नंतरचा बौद्ध लेखक आपलं धर्मांतर अभिमानानं लिहू शकला. पण ज्या घरात कागदावर एक आणि रविवारी दुसरं आहे, त्या घरातला लेखक पहिल्याच प्रकरणात कुणाची तरी नोकरी धोक्यात घालतो. अशी घरं मला माहीत आहेत. कुठली, ते मी इथं लिहिणार नाही. म्हणजे बघा, हा निबंधही त्याच मौनात सामील झाला.

लक्ष्मीबाईंचा मोकळेपणा मला तिसऱ्या वाचनात म्हणूनच थोडा महाग वाटला. त्यांनी फार सोसलं, ह्यात वाद नाही. नवरा दुरावला, गोत दुरावलं. पण 'मी आधी ही होते, आता ही आहे' हे म्हणता येणं त्यांच्या वाट्याला आलं, आणि त्या वाक्यावरच तर पुस्तक उभं आहे. आमच्याकडच्या कित्येकांना हे वाक्य म्हणता येत नाही. त्यांच्या श्रद्धेला जागा उरते ती कामातच. सुई नीट टोचण्यात, औषधाचा डोस पुन्हा एकदा तपासण्यात, बेवारस पेशंटचं अंग पुसण्यात. तिथं कुणी धर्म विचारत नाही. त्याला पूजा म्हणावं की लपणं, हे मला ठरवता येत नाही. बहुधा दोन्ही.

मराठी कथा-सिनेमात अशी नर्स येते तेव्हा ती पांढऱ्या कपड्यातली करुणामूर्ती असते, गळ्यात क्रूस, डोळ्यात पाणी. हे चित्र मला शिवीइतकंच खोटं वाटतं. करुणामूर्तीला नाताळची रजा लागत नाही. तिचे पाय सुजत नाहीत.

गेल्या महिन्यात मी पुस्तक आईच्या हातात दिलं. तिनं ते मधूनच उघडलं, प्लेगच्या छावणीची पानं वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "हिला नाइट किती लागायच्या रे?" मी हसलो. ती हसली नाही.

मग आपणहून ती जुन्या भांडणावर आली. "तू ते दासांचं म्हणलास ना," ती म्हणाली. "मला माहीत हाय ते. बायबल मी तुझ्याआधीपासून वाचते." मग किल्लारीच्या भूकंपाचं बोलायला लागली. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र सरत आलेली, ती ड्युटीवर. सकाळपासून जीप, ट्रक, मिळेल त्या गाडीतून माणसं यायला लागली. व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नाही. "त्या दिवशी कोण धनी होता तिथं? साहेब लोकबी रडूलाले. कोण बघायला होतं, मी कुणाला टाका नीट घातला का नाही ते? धनी बघत नसला तरी कसं करायचं, ते लिवलंय त्यात. धन्यासाठी नाही लिवलं."

मी विचारलं, "आणि दिवाळीच्या ड्युट्या?"

ती जरा वेळ गप्प बसली. "ते वचनात नव्हतं," म्हणाली. "ते माझं मागायचं राहून गेलं. नाताळची रजा मी मागायला पाहिजे होती. प्रभूनं काय नको म्हणलं नव्हतं."

ह्या दोन उत्तरांच्या मधली जागा मराठीत लिहिली गेलेली नाही. मी ती लिहीन असं मी आईला म्हणालो नाही. निबंध लिहितोय एवढंच सांगितलं.

"लिही," ती म्हणाली. "पर दवाखान्याचं नाव टाकू नको. आन् माझंबी."