जंजिऱ्याची पंचेचाळीस मिनिटं

कारंजा लाडच्या माणसाला समुद्र बघायचा तर आधी रेल्वेत एक अख्खी रात्र काढावी लागते. मूर्तिजापूरला गाडी पकडायची, सकाळी मुंबईकडे उतरायचं आणि तिथून कोकण. आजीला घेऊन आम्ही मुरूड-जंजिऱ्याची एक दिवसाची टूर केली, त्याला बराच काळ लोटला. फोटो फोन बदलताना गेले. डोक्यात राहिलं ते गाईडचं बोलणं. किल्ल्यांवर आपल्याकडे ढिगानं लिहिलं जातं. पण बहुतेक लोक ज्या गोष्टीतून किल्ला बघतात, त्या गोष्टीबद्दल कुणी बोलत नाही.

आधी त्याचं श्रेय त्याला देतो. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी सुटली आणि त्यानं विचारलं, "दरवाजा कुठाय, सांगा." समोर नुसता तट. लोक बोटं दाखवत राहिले, तो हसत गप्प बसला. होडी अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या आडून दार दिसलं, तेव्हाच तो पुढचं वाक्य बोलला. वाऱ्याचा वेग आणि गोष्टीचा वेग असा जुळवणं सोपं नाही. चांगला कीर्तनकार हेच करतो.

किल्ल्यात वेळ पंचेचाळीस मिनिटं. एवढ्यात कलालबांगडी तोफ ("हात लावा, उन्हात तापत नाही", आणि सगळे हात लावतात), खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याचे तलाव, सुरूलखानाचा पडका वाडा, आणि 1682 मध्ये संभाजी महाराजांनी खाडीत दगड टाकून वाट बांधायला घेतली ती हकिगत. दर दोन मिनिटांनी पालुपद: "पण किल्ला अजिंक्य!" तिसऱ्यांदा लोकच त्याच्याबरोबर म्हणायला लागले.

अडचण तिथेच आहे. या गोष्टीत चढाई करणारे सगळे माणसं आहेत, त्यांना नावं आहेत. आत राहणारा मात्र नुसता 'सिद्दी'. एकवचनी. जणू एकच माणूस तीनशे वर्षं बुरुजावर बसून होता.

तलावाच्या पायऱ्यांवर दम खात आजीनं विचारलं, "मंग इथं रायणारे लोकं कुठं गेले, भाऊ?"

"गेले सगळे, आजी. चला, होडी थांबलीय."

मला तो प्रश्न सोडेना. परत आल्यावर वाचत गेलो. जंजिरा हा शब्दच अरबी 'जझीरा'वरून आलेला, म्हणजे बेट. सिद्दी मूळचे आफ्रिकेतले. कुणी गुलाम म्हणून विकले जाऊन दख्खनेत आले, कुणी शिपाई झाले, कुणी खलाशी. निजामशाही सांभाळणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मला होता. जंजिऱ्याच्या सिद्दींनी निजामशाही, आदिलशाही, मुघल असे धनी बदलले आणि त्यांचं संस्थान 1948 पर्यंत टिकलं. पार सौराष्ट्रातलं जाफराबाद त्यांच्याकडे होतं. स्वातंत्र्यानंतरही किल्ल्यात घरं होती, चुली होत्या. म्हणजे आजीच्या प्रश्नाला उत्तर होतं. ते त्या पंचेचाळीस मिनिटांत बसलं असतं. तोफ तापते की नाही, यातली पाच मिनिटं कमी केली असती तरी चाललं असतं.

सिद्दींचं कौतुक करा, असा माझा हट्ट नाही. त्यांनी किनाऱ्यावरची गावं लुटली, माणसं धरून नेली. त्यांना आवर घालायला शिवाजी महाराजांनी समोरच पद्मदुर्ग उभारला. पण ज्याच्याशी एवढं मोठं वैर, तो कोण होता, कुठून आला, एवढं तरी कळायला नको? नाहीतर आपण नुसत्या एका भिंतीशी लढत होतो असं वाटतं, आणि मग लढणाऱ्यांचीही उंची कमी होते.

मला हे टोचायचं कारण कारंजा आहे. 1670 च्या अखेरीस मराठी फौजेनं आमचं गाव लुटलं. तेव्हा ही वऱ्हाडातली श्रीमंत पेठ होती, मुघलांच्या मुलखातली. जदुनाथ सरकारांनी लिहिलंय की उंची कापड आणि सोनंचांदी चार हजार बैल-गाढवांवर लादून नेली. खंडणीसाठी बडी माणसं धरली, आणि सगळ्यात मोठा सावकार तेवढा बाईच्या वेशात निसटला. शिवचरित्रांत हा मजकूर दोन-चार ओळींचा. स्वराज्यासाठी पैसा लागत होता, हे मलाही पटतं. शाळेत मी जयंतीला घोषणा द्यायला सगळ्यांच्या पुढे असायचो, आजही देईन. पण दिल्ली वेशीतून जाताना कधीतरी त्या बाईच्या वेशातल्या माणसाचा विचार येतो. पुढे त्याचं काय झालं? घरी कोण होतं? त्या गोष्टीत आम्ही एकवचनी. 'कारंजा लुटले.' बस.

परतीच्या होडीत गाईड सैल झाला होता. त्याचं काम संपलं होतं.

"कुठून आलात?"

"कारंजा."

"उरणचं?"

"नाही, कारंजा लाड. वाशिम जिल्हा."

"तिकडे काय आहे बघायला?"

मी म्हणालो, गुरुमंदिर आहे, नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. जुनी जैन मंदिरं आहेत. चार वेशी आहेत.

आजी पदर धरून किल्ल्याकडे तोंड करून बसली होती. तिकडेच बघत म्हणाली, "लय मोठं गाव होतं भाऊ आमचं."

तो तोवर माणसं मोजायला लागला होता.